सोरायसिस किती आहे? घरच्या घरी नीट मोजण्याची पद्धत

सोरायसिसचा, म्हणजे अंगावर खवल्यांचे चट्टे उठणाऱ्या त्वचारोगाचा, पेशंट त्वचेच्या ओपीडीत बसला की डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, "मागच्या वेळेपेक्षा कसं आहे?" उत्तर बहुतेकदा "तसंच आहे" किंवा "जरा वाढलंय" एवढंच येतं. त्याच उत्तरावर गोळ्यांचा डोस ठरतो, मलम बदलतं, इंजेक्शनचा विषय निघतो. म्हणून ते उत्तर अंदाजाचं असून चालत नाही.

घरी मोजून बघणारे पुष्कळ आहेत, पण चुका त्याच त्या होतात. सगळ्यात वाईट चट्टा बघून अख्ख्या अंगाचा निकाल लावला जातो. बरा झालेला काळा डाग रोगात धरला जातो. एका महिन्यात खोबरेल लावून बघितलं जातं, पुढच्या महिन्यात कोरड्या अंगाने. खाज वाढली म्हणजे रोग वाढला असं समजलं जातं. या चुका टाळण्यासाठी खालचे टप्पे दिलेल्या क्रमानेच करा. क्रम का महत्त्वाचा, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

मोजण्याआधी: आज मोजायचंच का?

खालीलपैकी काही असेल तर वही बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा.

- जवळजवळ सगळं अंग लाल, गरम झालंय, थंडी वाजते किंवा ताप आहे
- चट्ट्यांवर किंवा आजूबाजूच्या कातडीवर पुवाचे बारीक फोड एकदम उठलेत, अंग दुखतंय
- चट्ट्यातून पाणी किंवा पू येतो, आजूबाजूला सूज आणि ठणका आहे

स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा इंजेक्शनं मनाने बंद केल्यावर अशी अवस्था येऊ शकते. ही तातडीची बाब आहे. सोलापुरात अशा वेळी सिव्हिलला किंवा जवळच्या मोठ्या रुग्णालयात न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

दुसरी अट निदानाची. हे मोजमाप डॉक्टरांनी सोरायसिस आहे असं सांगितलेल्यांसाठीच आहे. गजकर्ण, इसब आणि सोरायसिस दिसायला एकमेकांच्या जवळ जातात. मेडिकलमधून परस्पर आणलेलं स्टेरॉइडमिश्रित मलम महिनोन्महिने चोळलं असेल तर गजकर्णाचं रूप इतकं बदलतं की जाणकारालाही खरवड घेऊन तपासावं लागतं. निदान पक्कं नसेल तर मोजून काही हाती लागणार नाही.

## टप्पा १: आदल्या दिवशीची तयारी

कागदी पंजा बनवा. पेशंटने स्वतःचा हात वर्तमानपत्रावर ठेवायचा, बोटं आणि अंगठा एकमेकांना चिकटवून, आणि पेन्सिलने कडा काढायची. तो आकार कापून घ्या. बोटांसकट हा एक पंजा म्हणजे त्याच माणसाच्या अंगाच्या साधारण १ टक्का. प्रत्यक्षात तो १ टक्क्याहून थोडा कमीच भरतो, पण जगभर हाच हिशेब वापरतात आणि आपणही तोच वापरायचा.

> नेहमीची चूक: मोजणाऱ्याचा हात वापरणे. आठ वर्षांच्या मुलीचं अंग वडिलांच्या पंजाने मोजलं तर रोग जवळपास निम्माच दिसेल. पंजा पेशंटचाच हवा. वाढत्या मुलांचा दर सहा महिन्यांनी नवा कापा.

> दुसरी चूक: बोटं पसरून कडा काढणे, किंवा बोटं सोडून फक्त तळवा घेणे. नुसता तळवा म्हणजे जेमतेम अर्धा टक्का.

बाकी सामान: शाळेतली पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी, १० रुपयांचं नाणं, दोन आरसे, बारीक दातांचा कंगवा, वही आणि फोन. पाठ आणि डोकं बघायला घरातलं एक माणूस लागेल. हा रोग स्पर्शाने पसरत नाही, त्यामुळे मदत करणाऱ्याने हात लावायला कचरू नये.

नेलपॉलिश आदल्या दिवशी काढा. हातावर मेंदी असेल तर तळहाताची लाली त्या महिन्यात नीट कळणार नाही. वहीत "मेंदी होती" एवढं लिहून ठेवा.

दिवस ठरवा. महिन्यातून एकदा पुरे. मलम असो वा गोळी, त्वचेवर फरक दिसायला आठवडे लागतात. रोज मोजणाऱ्याला रोजचे चढउतार दिसतात, रोगाची दिशा दिसत नाही, आणि मन मात्र खचत जातं. आपल्याकडे सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येतं. पाण्याच्या दिवशी सकाळी घरात कुणालाच उसंत नसते, म्हणून तो दिवस टाळून सुट्टीची सकाळ धरा. पहिल्या वेळी पाऊण तास लागेल, पुढे कमी.

> इशारा: "खरा रोग दिसावा" म्हणून चार दिवस आधी औषध बंद करू नका. औषध चालू असताना रोग किती आहे, हेच तर डॉक्टरांना हवं असतं.

## टप्पा २: वेळ, उजेड आणि अंगाची अवस्था

सकाळी उठल्यावर, आंघोळीच्या आधी, तेल-मलम लावण्याआधी. ही वेळ एकदा धरली की बदलायची नाही.

कारण असं. आंघोळीत खवले भिजून निघून जातात आणि चट्टा उगाच साफ दिसतो. तेल किंवा व्हॅसलीन लावलं की खवले पारदर्शक होऊन दिसेनासे होतात, पण तिथेच असतात. सकाळचं मलम फक्त तासभर पुढे ढकला. मोजून झालं, आंघोळ झाली की नेहमीसारखं लावा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात ही वेळ आणखी महत्त्वाची ठरते. एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर गेला की दुपारी साधी कातडीसुद्धा लाल होते, आणि घामाने चट्टा चुरचुरतो. लूमवर (यंत्रमागावर) पाळी करून आलेल्याच्या पायांचं तसंच. आठ-दहा तास उभं राहिल्यावर नडगीवरचे चट्टे जांभळट दिसतात. तो रंग पायात साचलेल्या रक्ताचा असतो, रोग वाढल्याचा नव्हे. रात्रभर आडवं झाल्यावर सकाळी जो रंग दिसतो तो धरा.

उजेड खिडकीचा, पण थेट ऊन नको. ट्यूबलाइटखाली लाली कमी दिसते, पिवळ्या बल्बखाली जास्त. एकत्र कुटुंबात दार लावून घ्यायला खोली मिळत नाही, मग बायका मोरीत अंधारात बघतात आणि पाठ, कंबर बघायची राहूनच जाते. घरातल्यांना सांगून सकाळचा पाऊण तास खोली मागून घ्या. हा तपासणीचाच भाग आहे, त्यात संकोच करण्यासारखं काही नाही.

## टप्पा ३: हात लावायच्या आधी फोटो

फोटो सगळ्यात आधी. नंतर तुम्ही पट्टी दाबणार, बोट फिरवणार. त्याने खवले गळतात आणि रंग बदलतो.

पाच-सहा ठरावीक जागा निवडा आणि दर महिन्याला त्याच जागांचे फोटो काढा. चट्ट्याशेजारी पट्टी ठेवा, म्हणजे आकार कळेल. फोन साधारण एक फुटावर धरा. फ्लॅश बंद, चेहरा गोरा करणारा ब्यूटी मोड बंद. मागे पांढरी किंवा फिक्या रंगाची साधी चादर टाका. आपली नक्षीची लाल-हिरवी सोलापुरी चादर मागे असेल तर फोनचा कॅमेरा तिच्या रंगाशी जुळवून घेतो आणि कातडीचा रंग भलताच येतो.

जांघ, छाती, जननेंद्रियं यांचे फोटो नकोत. तिथलं वहीत शब्दांत लिहा.

## टप्पा ४: चट्टा कोणता आणि डाग कोणता

सगळ्यात जास्त गडबड इथे होते, म्हणून इथे घाई करू नका.

आपल्या सावळ्या कातडीवर सोरायसिस बरा होताना मागे काळपट किंवा तपकिरी डाग सोडतो, कधी पांढुरका. हा डाग महिनोन्महिने राहतो. रोग तिथून गेलेला असतो. पण पेशंटला आरशात तीच जागा, तोच आकार दिसतो आणि तो सांगतो, "काहीच फरक नाही." औषध लागू पडत असताना ते निरुपयोगी ठरवलं जातं ते बऱ्याचदा यामुळे. काही जण याच टप्प्यावर डॉक्टर बदलतात किंवा सगळं सोडून कुणीतरी सुचवलेल्या जडीबुटीकडे वळतात.

प्रत्येक जागेला तीन प्रश्न विचारा:

१. डोळे मिटून बोटाचं टोक निरोगी कातडीवरून त्या जागेवर हळूच सरकवा. कड लागते का?
२. पृष्ठभागावर पापुद्रे, खवले आहेत का?
३. पारदर्शक पट्टी त्यावर हलकेच दाबा आणि पट्टीतून बघा. रंग फिका पडला तर ती लाली आहे, म्हणजे तिथे रक्तप्रवाह वाढलेला आहे. रंग तसाच राहिला तर तो कातडीत मुरलेला डाग आहे.

तिन्हींचं उत्तर "नाही" असेल तर तो डाग. मोजायचा नाही. एकालाही "हो" असेल तर तो चट्टा, मोजायचा.

पट्टीची परीक्षा गोऱ्या कातडीवर फारशी लागत नाही, कारण लाली सरळ दिसते. सावळ्या कातडीवर लाली लाल दिसतच नाही. ती जांभळट, विटकरी किंवा नुसती गडद तपकिरी दिसते. पाश्चात्त्य देशांतल्या लालभडक फोटोंशी स्वतःची तुलना करून "माझं तेवढं लाल नाही, म्हणजे सौम्य आहे" असा निष्कर्ष काढू नका.

बरा होणारा चट्टा पुष्कळदा मधून साफ होतो आणि कडेला कडं उरतं. अशा वेळी फक्त कडं मोजा, मधली जागा सोडा.

> इशारा: खवले नखाने खरवडून बघू नका. खाली रक्ताचे ठिपके येतात, आणि सोरायसिसमध्ये जखम झाली की तिथेच नवा चट्टा उठू शकतो.

## टप्पा ५: जागा मोजणे

अंगाचे चार भाग करा. डोकं-मान १० पंजे, दोन्ही हात २०, धड ३०, दोन्ही पाय ४०. एकूण १०० पंजे. काख आणि जांघ धडात धरायची, नितंब पायांत धरायचे. नितंब धडात मोजणं ही फार सर्रास होणारी चूक आहे. त्यामुळे पुढचा हिशेब बिघडतो, कारण टप्पा ७ च्या हिशेबात पायांच्या गुणाला जास्त वजन (महत्त्व) आहे.

डोक्यापासून सुरू करून खाली या. कागदी पंजा चट्ट्यांवर ठेवत प्रत्येक भागात किती पंजे भरतात ते लिहा. विखुरलेले छोटे चट्टे मनात एकत्र आणून पंजा भरा. थेंबाएवढे ठिपके अंगभर असतील तर १० रुपयांचं नाणं घ्या. मोठ्या माणसाच्या एका पंजात अशी साधारण २५ नाणी मावतात.

> नेहमीची चूक: दोन चट्ट्यांमधली चांगली कातडीही धरणे. गुडघ्याभोवती पाच चट्टे असले की "अख्खा गुडघा" लिहिला जातो. घरी मोजताना बहुतेक जण जागा जास्तच धरतात. शंका असेल तिथे कमी लिहा.

आता पंज्यांवरून जागेचा गुण काढा:

| भाग | गुण १ | गुण २ | गुण ३ | गुण ४ | गुण ५ | गुण ६ |
|---|---|---|---|---|---|---|
| डोकं-मान | १ पेक्षा कमी | १ पासून | ३ पासून | ५ पासून | ७ पासून | ९ पासून |
| हात | २ पेक्षा कमी | २ पासून | ६ पासून | १० पासून | १४ पासून | १८ पासून |
| धड | ३ पेक्षा कमी | ३ पासून | ९ पासून | १५ पासून | २१ पासून | २७ पासून |
| पाय | ४ पेक्षा कमी | ४ पासून | १२ पासून | २० पासून | २८ पासून | ३६ पासून |

भागात एकही चट्टा नसेल तर गुण ०.

तपासणी: चारही भागांचे पंजे मिळवा. ही तुमची अंगाची टक्केवारी. वहीत ठळक लिहा, ती पुढे लागणार आहे.

## टप्पा ६: खवले, लाली, जाडी

आता प्रत्येक भागातल्या चट्ट्यांना तीन गुण द्यायचे, प्रत्येकी ० ते ४. क्रम खवले, मग लाली, मग जाडी असाच ठेवा. बोट फिरवल्यावर खवले गळतात, म्हणून जाडी शेवटी.

खवले: ० काही नाही. १ बारीक भुकटीसारखे, काही चट्ट्यांवरच. २ बहुतेक चट्ट्यांवर पातळ पापुद्रे. ३ बहुतेकांवर जाड, खरखरीत. ४ जाड थर, खालची कातडी दिसतच नाही.

लाली: ० पट्टीखाली काही फिकं होत नाही. १ जेमतेम वेगळा रंग. २ स्पष्ट तांबूस किंवा विटकरी. ३ गडद लाल किंवा जांभळट. ४ अतिशय गडद, दुरूनही उठून दिसणारा.

जाडी: ० कड लागत नाही. १ डोळे मिटल्यावर कशीबशी लागते. २ सहज लागते. ३ कडा उंच, ठसठशीत. ४ फारच जाड, कातडी दुमडताना ताठ.

सावळ्या कातडीवर या तिन्हीत सर्वांत भरवशाची जाडी. लालीत एखादा गुण इकडेतिकडे झाला तर समजू शकतो; जाडीचा गुण मात्र नीट द्या.

> नेहमीची चूक: भागातल्या सर्वांत वाईट चट्ट्याला गुण देणे. द्यायचा आहे तो त्या भागातल्या सगळ्या चट्ट्यांचा सरासरी गुण. कोपरावरचा एक जुना चट्टा ४ असेल आणि दंडावरचे बाकीचे २ असतील, तर हातांचा गुण ४ होत नाही.

डोक्यासाठी कंगव्याने पट्ट्यापट्ट्याने भांग पाडत बघा: कपाळाची केसांची रेघ, कानामागे, मान. आदल्या रात्री डोक्याला तेल नको. साधा कोंडा केसांत मोकळा पडतो. सोरायसिसचा थर टाळूला चिकटून जाड असतो आणि बऱ्याचदा केसांच्या रेघेबाहेर कपाळावर येतो.

## टप्पा ७: हिशेब

जागा, खवले, लाली आणि जाडी मिळून जो एकूण गुण निघतो त्याला डॉक्टर "पासी" (PASI) म्हणतात. तो ० ते ७२ मध्ये असतो. प्रत्येक भागासाठी:

(खवले + लाली + जाडी) × जागेचा गुण × भागाचं वजन

वजन: डोकं ०.१, हात ०.२, धड ०.३, पाय ०.४. शेवटी चारही मिळवा.

समजा, सोलापूरच्या पूर्व भागातल्या यंत्रमाग कारखान्यात काम करणारा एक जण मोजतोय. डोक्यावर २ पंजे, हातांवर १, कंबरेवर ४, पायांवर ६. एकूण १३ पंजे.

- डोकं: (३+२+१) × २ × ०.१ = १.२
- हात: (२+२+३) × १ × ०.२ = १.४
- धड: (२+२+२) × २ × ०.३ = ३.६
- पाय: (३+२+३) × २ × ०.४ = ६.४

बेरीज १२.६.

पुढच्या महिन्यात त्याचे पंजे तेवढेच, १३. आरशात आकार तोच. पण खवले कमी झाले, कडा बसल्या. डोकं (१+१+१), हात (१+२+१), धड (०+२+१), पाय (१+२+१). हिशेब: ०.६ + ०.८ + १.८ + ३.२ = ६.४. म्हणजे जवळपास निम्मा उतार, आणि हाच माणूस मोजल्याशिवाय "तसंच आहे डॉक्टर" म्हणाला असता. उपचारात बऱ्याचदा चट्टा आधी पातळ होतो आणि नंतर आकाराने आटतो. नुसती जागा बघणाऱ्याला हा पहिला फरक दिसतच नाही.

पासीची एक उणीव लक्षात असू द्या. चट्टे थोडेच असतील तर तो फरक नीट टिपत नाही. पायांवर अर्धा पंजा असो वा तीन, जागेचा गुण १ च. अशांनी पंज्यांच्या संख्येवर आणि फोटोंवर भर द्यावा.

## टप्पा ८: आकड्यात न मावणाऱ्या जागा

काही जागांवर थोडा रोगसुद्धा मोठा. तळहात, तळपाय, चेहरा, टाळू, जननेंद्रियं आणि नखं. यांची वेगळी नोंद करा, पंजे कितीही भरोत.

विडी वळणाऱ्या बाईचे दोन्ही तळहात बोटांसकट पूर्ण भरलेत असं धरा. हिशेबाने ते फक्त २ पंजे, म्हणजे २ टक्के. पासीही लहान येईल. कागदावर हा "सौम्य" रोग. पण भेगा पडलेल्या बोटांनी तेंदूपान कातरता येत नाही, विडी घट्ट बसत नाही, आणि विडी नाही तर मजुरी नाही. त्वचेचे डॉक्टर अशा रोगाला सौम्य मानत नाहीत. नुसत्या मलमापलीकडच्या उपचाराचा विचार अशा जागांसाठी होतो, मग टक्केवारी छोटी का असेना. म्हणून वहीत "तळहात" एवढंच न लिहिता काय करता येत नाही ते लिहा: पान कातरणं, भाकरी थापणं, कपडे पिळणं, चप्पल घालून चालणं.

कामाने पडलेले घट्टे आणि सोरायसिस यांत गोंधळ होतो. घट्टा जिथे घासतं तिथेच असतो. चट्टे घासत नसलेल्या भागावर, मनगटाच्या वळीकडे किंवा तळपायाच्या खोलगट भागातही असतील तर डॉक्टरांना मुद्दाम दाखवा.

नखं बघताना वीसही नखं बघा. सुईने टोचल्यासारखे खड्डे, तेलाच्या थेंबासारखा पिवळट डाग, टोकाकडून सुटलेलं नख, खाली साचलेला चुरा. किती नखांवर काय आहे ते लिहा. नखं हळू वाढतात, त्यामुळे दर तीन महिन्यांनी बघितलं तरी चालेल.

जननेंद्रियांवरचा चट्टा लोक डॉक्टरांपासूनही लपवतात. तिथे खवले कमी असतात, गुळगुळीत लाल जागा दिसते. अंगावरचं कडक स्टेरॉइड मलम तिथे लावू नका, कातडी पातळ होते. वहीत लिहून वही पुढे केली तर तोंडाने बोलावं लागत नाही.

## टप्पा ९: जगण्यावर किती परिणाम

यासाठी डॉक्टरांकडे डीएलक्यूआय नावाची प्रश्नावली असते. १० प्रश्न, गेल्या एका आठवड्याबद्दल, प्रत्येकी ० ते ३ गुण, एकूण ३०. खाज-वेदना, लाज, घरकाम-बाजार, कपडे, लोकांत मिसळणं, खेळ, काम किंवा शिक्षण, जवळची नाती, शरीरसंबंध आणि उपचाराचाच त्रास, असे विषय. ती मागून घ्या आणि घरी शांतपणे भरा. ० ते १ म्हणजे परिणाम नाही, २ ते ५ थोडा, ६ ते १० मध्यम, ११ ते २० खूप, २१ ते ३० अतिशय.

इथली मोठी चूक "लागू नाही" वर खूण करण्याची. तिला ० गुण मिळतात. ज्याने सोरायसिसमुळेच लग्नकार्याला जाणं सोडलं, तो म्हणतो, "मी जातच नाही, मग त्रास कसला?" आणि शून्य घेतो. सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत नंदीध्वजासोबत दरवर्षी चालणारा माणूस कोपर-मान दिसू नये म्हणून यंदा घरी बसला असेल, तर तो परिणामच आहे. रोगामुळे एखादी गोष्ट सोडली असेल तर तिला पूर्ण गुण द्या आणि बाजूला कारण लिहा.

खाजेला इथेच जागा आहे. ० ते १० मध्ये खाजेचा आकडा वेगळा लिहा, पासीत मिसळू नका. पातळ चट्टाही खूप खाजवू शकतो आणि जाड चट्टा कधीकधी अजिबात खाजवत नाही.

मन सतत उदास असेल, जगणं नको वाटत असेल, तर ते डॉक्टरांना त्याच भेटीत सांगा. टेली मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, तिथे मराठीतून बोलता येतं.

## टप्पा १०: सांधे

हा टप्पा सोडू नका, चट्टे दोनच असले तरी. सोरायसिस असलेल्या काही जणांना सांध्यांचा आजार होतो, आणि वेळेत उपचार न झाल्यास सांधा कायमचा बिघडतो. पाच प्रश्न, हो की नाही:

१. कधी एखादा सांधा सुजला होता का?
२. संधिवात आहे असं कुठल्या डॉक्टरांनी कधी सांगितलं आहे का?
३. नखांवर खड्डे आहेत का?
४. टाचेत दुखतं का?
५. एखादं बोट काही कारण नसताना अख्खं सुजून दुखलं होतं का?

तीन किंवा जास्त "हो" असतील तर संधिवाताच्या डॉक्टरांकडे जायला हवं. एखादं बोट आत्ता अख्खं सुजलेलं असेल तर मोजणी पूर्ण होण्याचीही वाट बघू नका.

कष्टाचं काम करणारे दुखणं कामावर ढकलतात. फरक असा ओळखा: कामाचं दुखणं काम केल्यावर वाढतं आणि आरामाने बरं वाटतं. या आजारातलं उलट असतं. सकाळी उठल्यावर सांधे अर्ध्या तासाहून जास्त वेळ आखडलेले राहतात आणि हालचाल केल्यावर सुटतात.

## टप्पा ११: निकाल वाचणे आणि ओपीडीत नेणे

अंगाची टक्केवारी ३ पेक्षा कमी असेल तर सौम्य, ३ ते १० मध्यम, १० च्या वर तीव्र. टक्केवारी, पासी, डीएलक्यूआय या तिन्हींपैकी कोणताही एक आकडा १० च्या वर गेला तरी रोग तीव्र धरतात. टप्पा ८ मधल्या जागा असतील तर आकडे छोटे असूनही तसंच.

तुमचा आकडा आणि डॉक्टरांचा आकडा तंतोतंत जुळणार नाही. पहिल्या भेटीत डॉक्टरांना त्यांचा पासी सांगायची विनंती करा आणि तुमच्याशेजारी लिहून ठेवा. तुम्ही नेहमी दोन गुण जास्त धरता असं दिसलं तरी हरकत नाही. दर महिन्याला तुम्हीच, त्याच पद्धतीने मोजा. तुलना तुमची तुमच्याशीच. मोजायला मदत करणारं माणूसही शक्यतो बदलू नका.

ऋतूचा विचारही हवा. संक्रांतीच्या कोरड्या थंडीत खवले वाढतात. जानेवारीचा आकडा ऑक्टोबरपेक्षा थोडा वर गेला म्हणून औषध निकामी झालं असं होत नाही. गेल्या जानेवारीची नोंद असेल तर तीही बघा.

> इशारा: आकडा खाली आला म्हणून गोळ्या बंद करू नका, वर गेला म्हणून डोस वाढवू नका. मेथोट्रेक्सेट घेणाऱ्यांनी तर मुळीच नाही. ही गोळी सोरायसिससाठी आठवड्यातून एकदा असते. ती रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं.

ओपीडीत गर्दी असते, वेळ थोडा मिळतो. अख्खी वही पुढे करू नका. एका कोऱ्या पानावर एवढंच लिहा: तारीख, एकूण पंजे, पासी, डीएलक्यूआय, खाज, मागच्या महिन्याचे तेच आकडे शेजारी, विशेष जागा, सांध्यांच्या प्रश्नांतले "हो", आणि या महिन्यात घेतलेली सगळी औषधं. रक्तदाबाची, मानसिक आजाराची, हिवतापाची गोळी, काढा, मेडिकलमधून आणलेलं मलम, काहीही सोडू नका. लिथियम (मानसिक आजाराची गोळी), बीटा ब्लॉकर गटातल्या रक्तदाबाच्या गोळ्या, क्लोरोक्विन (हिवतापाची गोळी) यांनी सोरायसिस भडकू शकतो, आणि दुसऱ्या डॉक्टरांनी काय दिलंय हे त्वचेच्या डॉक्टरांना तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. अलीकडे घसा धरून ताप आला असेल आणि त्यानंतर थेंबाएवढे ठिपके उठले असतील, तर तारखेसह तेही लिहा.

पानाच्या तळाशी एकच प्रश्न लिहून न्या. तीन महिने नियमित औषध घेऊन पासी निम्म्यावरही आला नसेल तर तो प्रश्न असा: "एवढ्या दिवसांत एवढाच उतार आहे, उपचार बदलायचा का?" पान केसपेपरला टाचणीने लावून डॉक्टरांपुढे ठेवा, आणि फोटो फोनमध्ये आधीच उघडून ठेवा.